खंडू पाटलाची गादी

इंद्रलोक नावाच्या वस्तीतल्या एका सात मजली इमारतीच्या फाटकाशी निळी प्लास्टिकची खुर्ची टाकून एक म्हातारा बसतो. तो पुंडलिक घरत. त्याला कुणी गरीब बिचारा समजू नये. सकाळी दूधवाल्यापासून संध्याकाळी सामान पोचवणाऱ्या पोरांपर्यंत तो एकालाही सोडत नाही. "ए, गाडी उधर मत लगा! वो मेरे बाप का खेत है!" असं तो ओरडतो आणि नवखी पोरं हसतात. पण त्यात हसण्यासारखं काही नाही. ते खरोखरच त्याच्या बापाचं भातशेत होतं. इमारत उभी राहिली तेव्हा बिल्डरने घरतांना दुसऱ्या मजल्यावर घर दिलं, आणि ज्या बांधावर पुंडलिक लहानपणी चिंबोऱ्या पकडायचा तिथे आता झाकलेलं पार्किंग आहे.

शेताच्या पलीकडे मिठागर. तिथे त्याची तरुणपणाची वर्षं गेली, मिठाने पायांना पडलेल्या भेगा अजून बुजल्या नाहीत. मीठ संपलं तेव्हा त्याने काशीमीऱ्याच्या एका गोदामावर नोकरी धरली. काम काय, तर ट्रक आला की फाटक उघडायचं. घरची जमीन असलेला माणूस परक्याचं फाटक उघडत उभा राहिला, आणि त्याच वर्षांत इकडे त्याच्या शेतावर मुंबईची माणसं कुलूपकिल्ल्या घेऊन राहायला आली. तेव्हापासून त्याच्या नाकावर जो राग बसलाय, तो उठायला तयार नाही. बायको अनसूया होती तोवर ती निदान "पुरे आता" म्हणायची. ती गेल्यावर तेही म्हणणारं कुणी उरलं नाही.

बाहेरून आलेल्या सगळ्यांवरच त्याचा राग, पण त्यातला मोठा वाटा सोसायटीचे सेक्रेटरी उत्तम परुळेकर यांच्यासाठी राखून ठेवलेला. परुळेकर लालबागच्या चाळीतून इथे आले. मूळ मालवणकडचे, सरकारी कचेरीतून निवृत्त, शर्टाच्या खिशाला कायम पेन. पुंडलिकच्या हिशेबी गुजराती, मारवाडी, उत्तर प्रदेशी हे उघड परके, त्यांच्याशी हिंदीत भांडून मोकळं होता येतं. परुळेकर मराठी बोलून परकेपणा करतात, हे त्याला जास्त झोंबायचं. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर फणा काढून आपल्यालाच शिकवतो!

ठिणगी पडली ती बोंबलांवरून. घरतांच्या घरी पावसाळ्याच्या बेगमीचे सुके बोंबील आणि जवळा वैशाखात गच्चीवर उन्हाला ठेवायची पद्धत. पुष्पलता, म्हणजे पुंडलिकची सून, चादर अंथरून ते पसरून आली आणि संध्याकाळी नोटीस लागली की गच्चीवर दुर्गंधीयुक्त पदार्थ वाळत घालू नयेत. पुंडलिक नोटीस फाडून हातात घेऊनच परुळेकरांच्या दारात गेला.

"तू काय गवत खातंस काय रे? तुजे घरान रविवारचा काय शिजतंय त्यो वास आमाला येत न्हाय?"

"पुंडलिकशेठ, खाणं वेगळं आणि गच्चीवर पसरणं वेगळं," परुळेकर म्हणाले. "इथे सुसंस्कृत लोक राहतात."

त्या एका शब्दाने तळपायाची आग मस्तकात गेली. मासे दोघांच्याही पोटात, पण एकाचे सुसंस्कृत आणि दुसऱ्याचे दुर्गंधीयुक्त! त्या दिवसापासून दोघे जिन्यात समोरासमोर आले की एकजण लिफ्टकडे वळायचा. आणि नेमक्या या दोन घरांमध्ये पोरांनी जुळवून ठेवलं होतं.

पुंडलिकची नात पूर्वी आणि परुळेकरांचा कौस्तुभ. लहानपणी एकाच फाटकातून शाळेच्या रिक्षात बसायची. आता ती शांती नगरातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे, तो संगणकावरचं काहीतरी काम करतो. पुंडलिकच्या मुलाने, नाथाने, आणि सुनेने कधीच मान डोलावली होती. परुळेकरही कुरकुरत का होईना तयार झाले होते. अडलं होतं ते पुंडलिकपाशी. आणि पूर्वीने स्वतःच आपला पाय अडकवून ठेवला होता. "आबा दारात उभे राहून हळद लावणार असतील तरच लग्न. नाहीतर नाही," असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. आईने समजावलं, कौस्तुभ रुसला, पण ती हलली नाही. आजोबानेच तिला वाढवलेलं, हट्ट ती दुसऱ्या कुणाचा घेणार?

खरं सांगायचं तर पुंडलिकला पोरगा नावडता नव्हता. लागलं होतं ते वेगळंच. परुळेकरांच्या घरी जाणं-येणं वाढल्यावर पूर्वीची भाषा बदलली. कौस्तुभच्या आईने, संचिताताईंनी, दोनतीनदा हसत हसत सुधारलं असेल. "हाय नाही गं, आहे म्हण." त्यांच्या मनात वाईट नसेलही. पण एका दुपारी पूर्वी ताट वाढताना म्हणाली, "आबा, भात अजून आहे, घेता का?" आणि पुंडलिकचा हात ताटातच थांबला. जमीन गेली, मीठ गेलं, त्याला निदान सातबाऱ्याचा कागद होता. हे कुठल्या कागदावर न लिहिता गेलं. तो उठला, हात धुतला आणि त्या दिवशी जेवला नाही. का, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. "त्या लालबागवाल्याचे घरान माजी पोर जानार न्हाय," एवढंच म्हणाला.

आता थोडं मागे जायला हवं, कारण हा फाटकावर खेकसणारा म्हातारा एके काळी आसपासच्या गावांत लोकांना हसवून हसवून लोळवायचा. त्याला बोलक्या पुंडलिक म्हणत. आगरी लग्नात हळदीला सगळं गाव लोटतं. त्या काळी हळदीच्या संध्याकाळी लग्नविधी गाणाऱ्या धवलारिणीची गाणी आटोपली आणि जेवण व्हायला अवकाश असला की अंगणात पांढरं धोतर बांधून सिनेमा दाखवायचा रिवाज पडला होता. मुंबईहून रामू नावाचा ऑपरेटर यंत्र घेऊन यायचा. त्या यंत्राचा आवाज कधीच मेलेला, म्हणून तो एकच मुका विनोदी सिनेमा घेऊन फिरायचा. परदेशातला, फार जुना. मधेमधे परक्या लिपीतल्या पाट्या यायच्या, त्या कुणाच्या बापाला वाचता येत नव्हत्या. मग बँडवाल्यांचा माईक हातात घेऊन पुंडलिक पडद्याशेजारी उभा राहायचा आणि सगळ्या पात्रांचं बोलायचा.

गोष्ट साधी होती. बोटीतून दोन उपरे येतात, एक काटकुळा, एक लठ्ठ. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. बोटीत एका कांद्याचे दोन तुकडे करून खातात आणि दोस्त होतात. एका मोठ्या शहरात एकाच घरात समोरासमोरच्या खोल्या घेतात. काटकुळ्याची मुलगी आणि लठ्ठाचा मुलगा खिडकीतून दोरीला टोपली बांधून एकमेकांना फुलं पाठवतात. मग चुलीवरून बापांचं भांडण जुंपतं. आणि या सगळ्यावर डोळा ठेवणारा, मिशाळ, हातात काठी घेतलेला घरमालक.

पुंडलिकने उपऱ्यांची नावं ठेवली सुक्या आणि जाड्या. घरमालकाला मात्र त्याने नाव दिलं खंडू पाटील, आणि गावाने खंडू पाटलालाच नायक केलं. दुसरं काय करणार? पहिल्याच दृश्यात तो आपल्या दारात उभा आणि समोरून अनोळखी माणसं गाठोडी घेऊन येतात. बघणारे सगळे शेताचे, मिठागराचे धनी. ज्याचं घर तो आपला, एवढं त्यांना पाटी न वाचताही कळत होतं. खंडू पाटील जिन्यावर घसरला की अंगण हळहळायचं. आणि शेवटी तो चिडून सुक्या-जाड्याच्या गाद्या खिडकीतून रस्त्यावर भिरकावतो, तेव्हा शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या! पुंडलिक ओरडायचा, "उचला गादी, धरा वाट! जागा आमची हाय!" आणि त्याच क्षणी आतून हाक यायची, पान मांडलं. सगळे उठायचे. रामूलाही भूक लागलेली असायची, तो यंत्र बंद करायचा. सिनेमा तिथेच संपायचा. सगळ्यांच्या मते तोच शेवट होता.

पूर्वीने ही गोष्ट लहानपणी गादीवर लोळत पन्नासदा ऐकली होती आणि कौस्तुभला सांगितली होती. त्या पठ्ठ्याने इंटरनेटवर शोधून शोधून तो सिनेमा काढला. सोसायटीच्या माघी गणपतीत दाखवायचा, आणि बोलायला पुंडलिक आजोबा, असा घाट दोघांनी घातला. म्हाताऱ्याचा मान झाला तर म्हातारा विरघळेल, हा त्यांचा भाबडा हिशेब.

विचारायला परुळेकरांना पाठवलं. ते फाटकाशी आले, घसा खाकरला आणि औषधाचा कडू घोट घ्यावा तसे म्हणाले, "पुंडलिकशेठ, कमिटीची विनंती आहे."

पुंडलिक लगेच हो म्हणाला. इतक्या लगेच की परुळेकरांना संशय यायला हवा होता. म्हाताऱ्याच्या मनात कधीच ठरलं होतं. भर मंडपात, सगळ्या सोसायटीसमोर, या सुसंस्कृत माणसाची गादी खिडकीतून फेकायची. मग पूर्वीचा सासरा व्हायला तो उभा कसा राहतो, बघू.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी तो पेटीतला पांढरा सदरा घालून, टोपी कडक करून, मिशीला पीळ देऊन खाली उतरला. पार्किंगमध्ये मंडप, गणपतीशेजारी पडदा. पुढे पोरं, मागे खुर्च्यांवर बिऱ्हाडं. त्याच्या जुन्या गावातून, नवघरातून, त्याच्या वयाची चारदोन माणसंही आली होती, त्यात जुना जोडीदार धर्माजी. परुळेकर पहिल्या रांगेत, शेजारी संचिताताई. पूर्वी बाजूला खांबाला टेकून उभी.

सिनेमा सुरू झाला आणि बोलक्या पुंडलिकला कंठ फुटला. कुठे दडवला होता एवढा आवाज! बोट दिसली तसा तो म्हणाला, "यो बगा, लालबागवरशी आयला सुक्या. खिशाला पेन हाय, पेनान शाई न्हाय!" मंडप खो खो हसला. परुळेकरही हसले, मग थांबले. सुक्याने खोलीत शिरून नाक वर करून वास घेतला. पुंडलिक म्हणाला, "शी शी! कसला यो दुर्गंधीयुक्त पदार्थ! लावा नोटीस!" आता माना पहिल्या रांगेकडे वळल्या. दृश्यागणिक तो पीळ घट्ट करत गेला. सुक्याने टोपी काढली तर, "टक्कल बगा, पर ऐट बगा." सुक्याची बायको मुलीच्या हातातलं पातेलं हिसकावून घेते, तिथे त्याचा आवाज एकदम धारदार झाला. "असा न्हाय गो बोलायचा, तसा बोलायचा. तुजे आजाची जीब उकिरड्यावर टाक आनि मंग ये आमचे घरान."

आता हसणारं कुणी नव्हतं. संचिताताईंनी मान खाली घातली. परुळेकर अर्धवट उठले, कौस्तुभने मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसवलं. खांबाशी पूर्वीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. भात वाढला त्या दुपारी आजोबा का उठून गेले, ते तिला आज, शंभर माणसांसमोर कळलं. पुंडलिकने तिच्याकडे बघितलं नाही. त्याला थांबायचं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्याला टोचू लागली होती. खंडू पाटील घसरला की ही माणसं टाळ्या वाजवत होती. पुढची पोरं तर त्याच्या मिशीला बोटं दाखवून लोळत होती. "अरे, मालक हाय त्यो!" पुंडलिकने माईकमधून दटावलं, तर पोरं आणखी हसली. गावाच्या अंगणात असं कधी झालं नव्हतं.

गादीचा प्रसंग आला. खंडू पाटलाने खिडकी उघडली आणि गाद्या भिरकावल्या. पुंडलिकने होता नव्हता तो जोर लावला. "उचला गादी, धरा वाट! जागा आमची हाय!" धर्माजी आणि नवघरची मंडळी टाळ्या वाजवत उठली, ढुंगणाची धूळ झटकली आणि सवयीने म्हणाली, "चला, पान मांडला." पुंडलिकनेही माईक खाली ठेवला. झालं त्याचं काम.

पण सिनेमा थांबला नाही. इथे रामू नव्हता आणि यंत्राला भूक लागत नव्हती.

पडद्यावर सुक्या आणि जाड्या रस्त्यात आपापल्या गादीवर पाठ फिरवून बसले होते. थोड्या वेळाने जाड्याने खिशातून कांदा काढला, त्याचे दोन तुकडे केले आणि मागे न बघता एक पुढे केला. सुक्याने तो घेतला. मग घरातली बाकीची बिऱ्हाडंही गाठोडी घेऊन खाली उतरली. कुणी दोरी बांधली, कुणी चादरींचा मांडव केला आणि रस्त्यावरच त्या पोरापोरीचं लग्न लागू लागलं. उठलेला धर्माजी तोंड उघडं टाकून परत बसला. एवढी वर्षं इथे आणखी काही होतं, याचा त्याला पत्ताच नव्हता.

आणि खंडू पाटील? तो वर, रिकाम्या घरात. त्याने पेटीतून चांगला कोट काढला. मिशीला पीळ दिला, टोपी घातली. दाराजवळ खुर्ची ओढली आणि बोलावणं येईल म्हणून काठीवर हनुवटी टेकून बसला. जिना वाजला की उठायचा, कपडे सारखे करायचा. मांजर निघायची. पोरं हसली. पुढे पोरंही हसायची थांबली. शेवटी तो खिडकीशी गेला आणि पडद्याआडून खाली बघू लागला.

इतकी वर्षं पुंडलिक या माणसाच्या तोंडून बोलला होता, आणि हा माणूस शेवटी असा बसतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा हात आपल्या टोपीकडे गेला, ती काढावी की राहू द्यावी ते त्याला कळेना. मंडपातले सगळे त्याच्याकडे बघत होते. पडद्यावर नवरी मुलगी वर बघत होती, तोंडाशी हात धरून काहीतरी हाक मारत होती, आणि तिचं बोलायला आवाज नव्हता. बोलक्या पुंडलिकला शब्द सुचेना.

पूर्वी खांबापासून निघाली, खुर्च्यांमधून वाट काढत आली आणि तिने खाली ठेवलेला माईक उचलला.

"आबा!" ती पडद्याकडे बघत म्हणाली. "आबा, खाली या. आमी तुमची वाट बगताव. तुमी न्हाय त हलद न्हाय. सगल्याना सांगलंय मी."

तिच्या होणाऱ्या सासूसमोर, सगळ्या सोसायटीसमोर, नवघरच्या बोलीत. एकही शब्द तिने सुधारून घेतला नाही. संचिताताईंनी मान वर केली आणि त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

पडद्यावर खिडकी धाडकन बंद झाली. मंडपात कुणीतरी चुकचुकलं. मग ती पुन्हा उघडली आणि आतून एक भली मोठी गादी बाहेर आली. खंडू पाटलाची स्वतःची. ती थेट सुक्या-जाड्याच्या डोक्यावर पडली, मागोमाग उशी, मागोमाग काठी, आणि सिनेमा संपला.

दिवे लागले. परुळेकर उठले. चेहरा लाल, ओठ घट्ट. भांडण काढावं की निघून जावं, हे ठरेना तेव्हा त्यांनी सेक्रेटरीचं काम केलं. "महाप्रसाद तयार आहे. सर्वांनी रांगेने..."

"बसा!"

पुंडलिकने पूर्वीच्या हातातून माईक घेतला होता.

"कोनी उठायचा न्हाय. सेक्रेटरी, तू बी बस."

"आता आणखी काय राहिलंय हो?" परुळेकरांचा तोल सुटला, आणि लालबागच्या खाली दडलेलं मालवण वर आलं. "माझी गादी भायर टाकलास मरे! आणि काय व्हया तुका?"

संचिताताईंनी दचकून नवऱ्याकडे पाहिलं. पुंडलिकने डोळे बारीक केले. मिशी किंचित हलली, पण हसू त्याने बाहेर येऊ दिलं नाही. इतक्या लवकर पड खाणारा तो माणूस नव्हे.

"बोलाय येतंय मंग तुला," तो म्हणाला. "बस. हलदीला बोंबलाचा कालवन करनार हाय, तवा नाक मुठीन धरून यायचा हाय तुला. आता गप बस."

मग तो वळला. लॅपटॉपपाशी उभ्या असलेल्या कौस्तुभला त्याने आजवर कधी नावाने हाक मारली नव्हती. आजही मारली नाही.

"ओ जावय," तो म्हणाला. "जेवान थांबंल. त्यो खंडू पाटलाचे गादीचा परत लावा. माना बोलायचा हाय."

कौस्तुभचा हात कळफलकावर नुसताच फिरत राहिला. पूर्वीने जाऊन बटण दाबलं. दिवे पुन्हा गेले, धर्माजी मांडी घालून नीट बसला, आणि तिकडे महाप्रसादाची भाजी निवत राहिली.